सुगंधी तेले आणि मनाची उदासी

(आपल्या मंडळाच्या बजाजनगर येथील वार्षिक मेळाव्यात एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकांनी केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून ते येथे छापले आहे.)



मंडळाच्या चिटणीसांनी "यंदा आरोग्यावर काही बोला" अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाची सनद घेतलेला आणि गंगापूर व पैठण तालुक्यांतील खेड्यांत छत्तीस वर्षे मुलांना बाराखडी व पाढे शिकविलेला मी एक साधा मास्तर. परंतु बोलता बोलता विषय निघाला तो सुगंधी तेलांचा. आजकाल आपल्या पुष्कळ घरांत लहान लहान काळ्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. मनावरचा ताण जावा, झोप लागावी, उदास वाटणे कमी व्हावे म्हणून त्या विकत घेतल्या जातात. तेव्हा मनात आले की, तेलाच्या विषयावर तेल्याने मौन धरावे हे काही शोभत नाही. शिवाय या विषयाशी माझा स्वतःचा एक अनुभव निगडित आहे. तो सांगावा की न सांगावा याचा विचार मी दोन वर्षे करीत होतो. आज सांगणार आहे. मात्र त्याआधी थोडे तेलाविषयी.

आपल्या ज्ञातीचे आराध्य श्रीसंत संताजी महाराज जगनाडे हे चाकणचे. घाणा हा त्यांचा व्यवसाय, आणि तुकोबारायांच्या मुखातून निघालेले अभंग लिहून ठेवणे हे त्यांचे व्रत. सुदुंबरे येथे त्यांची समाधी आहे. या वारशामुळे तेल म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. माझ्या लहानपणी आमच्या दारात वडिलांचा लाकडी घाणा होता. डोळ्यांना झापड बांधलेला बैल फिरे, लाट करकरत असे, आणि तीळ किंवा करडई चिरडून तेलाची धार भांड्यात पडे. पेंड गुरांना जाई. त्या ओल्या पेंडीचा आणि ताज्या तेलाचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणांना, इतकेच काय पण माझ्या पाटी-दप्तरालाही येत असे. वर्गातील मुले त्यावरून चिडवीत आणि मला त्या वासाची लाज वाटे. आज कोणी तो वास परत आणून दिला, तर मी त्याचे पाय धरीन.

'तेल' हा शब्दच मुळी तिळापासून आलेला आहे. तिलापासून निघाले ते तैल. परंतु ज्या काळ्या बाटल्यांविषयी मी बोलत आहे, त्यांतील द्रव हे आपल्या अर्थाने तेल नव्हेच. याची परीक्षा घरच्या घरी करता येते. एका कोऱ्या कागदावर करडईच्या तेलाचा एक थेंब टाका आणि शेजारी निलगिरीच्या शुद्ध तेलाचा एक थेंब टाका. काही तासांनी पाहाल, तर करडईचा डाग तसाच पारदर्शक राहिलेला असेल आणि निलगिरीचा थेंब बहुतेक उडून गेलेला असेल. म्हणूनच शास्त्रीय ग्रंथांत यांना बाष्पनशील तेले म्हणतात. आपले तेल बी दाबून निघते, हे तेल वाफेने निघते. पाने, फुले, साल, लाकूड किंवा मुळे भांड्यात घालून त्यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर वनस्पतीचा सुगंधी अंश वर चढतो आणि ती वाफ थंड केली की पाण्यावर त्याचा पातळ थर तरंगतो. या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात. संत्रे, लिंबू यांच्या सालीचे सुगंधी तेल मात्र दाबूनही काढतात. गुलाबाच्या एक किलो तेलासाठी काही हजार किलो फुले लागतात. हे लक्षात ठेवले म्हणजे शंभर-दोनशे रुपयांत मिळणारे 'अस्सल गुलाब तेल' काय असू शकेल, याचा हिशेब चौथीतला मुलगाही करू शकेल.

हा व्यवसाय आपल्या मुलखाला नवा नाही. खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानांत रोशा नावाचे गवत होते. ते फुलावर आले म्हणजे त्याचे रानातच ऊर्ध्वपातन करीत. त्या तेलात जिरॅनिऑल नावाचे द्रव्य विपुल असते आणि तेच द्रव्य गुलाबातही असते. त्यामुळे रोशाला गुलाबासारखा गंध येतो. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या मार्गाने तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. आपल्या रानातले गवत परदेशात गुलाब म्हणून विकले जात होते! भेसळ हा या धंद्याचा किती जुना सोबती आहे, हे यावरून कळावे. उत्तर हिंदुस्थानात कनौज येथे देग आणि भपका या तांब्याच्या जुन्या साधनांनी आजही अत्तर काढतात. आपल्या शहराच्या जुन्या भागातही अत्तराचा शौक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. उन्हाळ्यात वाळ्याचे आणि हिवाळ्यात हिन्याचे अत्तर, असा त्या शौकिनांचा दंडक असे. आपल्या साध्या घरांतही माठात वाळ्याची जुडी, दिवाळीला वाळा, नागरमोथा व कपूरकाचरी घातलेले उटणे आणि चैत्रात देवाला दवणा होताच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्या सांगताना सुगंध व पुष्पमाला धारण करणे हे सौमनस्य देणारे म्हटले आहे. सौमनस्य म्हणजे मनाची प्रसन्नता. हा शब्द आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

सुगंधाने मन का हलते, याचे उत्तर आता विज्ञानाने बऱ्याच अंशी दिले आहे. नाकाच्या आत, अगदी वरच्या बाजूस, गंध ओळखणाऱ्या पेशींचा एक लहानसा पट्टा आहे. माणसाला सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक असतात. या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या अमेरिकन शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदूतील एका मधल्या ठाण्यावरून पुढे जाते. गंधाचा संदेश मात्र त्या ठाण्यावर न थांबता, भीती, आनंद आणि आठवणी ज्या भागांत सांभाळल्या जातात तेथे थेट पोहोचतो. म्हणून एखाद्या बाईला मोगऱ्याच्या गजऱ्याने एकदम माहेर आठवते आणि पहिल्या पावसाच्या मातीने म्हाताऱ्याला शेत आठवते.

या मार्गाचा उपयोग उपचारासाठी करावा, हा विचार युरोपात विसाव्या शतकात बळावला. रेने-मॉरिस गात्फोसे नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने १९३७ साली 'अरोमाथेरपी' या नावाचे पुस्तक लिहिले, आणि पुढे तोच शब्द जगभर रूढ झाला. या उपचारात सर्वांत नावाजलेले तेल म्हणजे लव्हेंडरचे. जांभळ्या फुलांचे हे झुडूप भूमध्य समुद्राकाठचे असले, तरी आज ते आपल्या देशात जम्मू भागातील डोडा जिल्ह्यात शेतकरी पिकवितात. लव्हेंडरवर संशोधनही पुष्कळ झाले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा दंतवैद्याकडे खुर्चीत बसण्यापूर्वी त्याचा वास घेतल्याने माणसाची धाकधूक थोडी कमी होते, काहींना झोप बरी लागते, असे अनेक लहान प्रयोगांत दिसून आले आहे. जर्मनीत लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंतेमुळे येणाऱ्या अस्वस्थतेसाठी औषध म्हणून मान्य झालेली आहे. मात्र ते ठरावीक प्रमाणात, औषधाच्या कसोट्या लावून बनविलेले तेल होय. बाजारातील बाटलीतले तेल पिऊन तो परिणाम साधेल असे कोणी समजू नये.

या प्रयोगांत एक मोठी अडचण आहे. औषधाची खरी गोळी आणि खोटी गोळी सारखी दिसू शकते, परंतु वास लपविता येत नाही. ज्याला सुगंध दिला त्याला तो कळतोच, आणि "आता बरे वाटेल" ही अपेक्षाच थोडे बरे वाटायला लावते. तेल चोळून दिले असेल, तर गुण तेलाचा किती आणि मायेच्या हाताचा किती, हेही वेगळे काढता येत नाही. म्हणून प्रामाणिक निष्कर्ष एवढाच निघतो की, तात्पुरता ताण, धाकधूक, किरकोळ निद्रानाश यांत सुगंधी तेले थोडा दिलासा देतात. औदासीन्य हा जो खरा आजार आहे, ज्याला डॉक्टर नैराश्य म्हणतात, तो ही तेले बरा करतात असा भक्कम पुरावा नाही. चरकांचा शब्द येथे किती नेमका बसतो पाहा. सुगंध सौमनस्य देतो. तो दिनचर्येचा भाग आहे.

आता माझा अनुभव सांगतो.

२०२२ च्या दिवाळीनंतर माझी पत्नी हृदयविकाराने गेली. गावाकडचे घर बंद करून मी येथे बजाजनगरात मुलाकडे राहावयास आलो. आपल्यापैकी बहुतेकांची कथा अशीच आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, मागोमाग इतर कारखाने आले आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसे येथे येऊन राहिली. घरे आटोपशीर, माणसे कष्टाळू. मुलगा कधी पहिल्या पाळीला, कधी तिसऱ्या. सूनबाईही नोकरी करते, नात शाळेत जाते. दिवसभर मी आणि घड्याळ. घरात कोणी काही उणे केले नाही, हे आधीच सांगतो. परंतु हळूहळू माझे मन कशातच लागेना. वर्तमानपत्र उघडून मी तसाच बसून राही. पहाटे तीन वाजता जाग येई आणि पुढे झोप नसे. जेवणाला चव नव्हती. ज्या मास्तराने हजारो मुलांशी बडबड केली, त्याला नातीशी दोन शब्द बोलण्याचा शीण होऊ लागला. आपण सर्वांना ओझे झालो आहोत, हा एकच विचार घाण्याच्या बैलासारखा डोक्यात फिरत असे.

सूनबाईच्या ते ध्यानी आले. तिने एका परिचिताकडून सुगंधी तेले आणली. ती दुकानात मिळत नाहीत, एकाने दुसऱ्यास सभासद करून विकावयाची असतात. चार बाटल्या आणि पाण्यातून सुगंधी वाफ सोडणारे एक लहान यंत्र, मिळून साडेसहा हजार रुपये झाले. सोबतच्या कागदावर लिहिले होते की, या तेलाने नैराश्य मुळासकट जाते आणि गोळ्यांची गरज राहत नाही. मी ते वाचले आणि मला हायसे वाटले. का वाटले, ते ऐका. त्याच सुमारास आमच्या घरात माझ्या पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. घरातला वडील माणूस मनाच्या डॉक्टरकडे जातो हे बाहेर कळले, तर सोयरीक मोडेल अशी मला भीती होती. मुलगा दोनदा म्हणाला, "अप्पा, एकदा डॉक्टरांना दाखवू." मी त्याला गप्प केले. "मला काय वेड लागले आहे? तेल चालू आहे ना," असे मीच म्हणालो. दोष ना सुनेचा, ना मुलाचा. बाटली मी पडद्यासारखी वापरली. तिच्याआड मला लपता येत होते.

पहिले आठ-दहा दिवस झोप थोडी सुधारली. सूनबाई रात्री तिळाच्या तेलात ते थेंब कालवून माझ्या तळपायांना चोळी. तिच्या हाताने बरे वाटे. मग पुन्हा पहिले दिवस आले. यंत्र वाफ सोडीत राही आणि मी छताकडे पाहत राही. असे सहा महिने गेले.

२०२३ ची आषाढी आली. आपल्या शेजारचे वाळूजचे छोटे पंढरपूर आपणा सर्वांस परिचित आहे. आषाढी एकादशीला तेथे गावोगावच्या दिंड्या येतात. नातीने हट्ट केला म्हणून मी गेलो. एका वारकऱ्याने माझ्या कपाळाला बुक्का लावला. बुक्क्याचा वास मला बालपणापासून प्रिय. संताजी महाराजांच्या उत्सवात वडील मला खांद्यावर घेऊन उभे राहत, तेव्हापासूनची ती ओळख. त्या दिवशी मला तो वास आला नाही. मी बोट कपाळाला लावून नाकाशी नेले. काही नाही. गळ्यातल्या तुळशीच्या हाराचे पान चुरगळून पाहिले. अगदी पुसट, जणू दुसऱ्या खोलीतून येत असावा तसा वास. त्या गर्दीत मी नातीचा हात घट्ट धरून उभा राहिलो आणि मला रडू कोसळले. "आबा, काय झाले?" असे ती विचारीत होती. मला सांगता येईना. ज्या नाकावर भिस्त ठेवून मी बरा होणार होतो, ते नाकच माझ्या आजाराने बंद करून टाकले होते.

त्या रात्री मी मुलाला सर्व सांगितले. जिवंत राहण्यात काही अर्थ नाही असे मनात येते, हेही सांगितले. त्याने दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि मला शहरातील मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी प्रथम नाकाविषयी विचारले. सर्दी, पूर्वी होऊन गेलेला करोना, डोक्याला मार, रक्ततपासणी, सारे पाहून झाले. मग शांतपणे सांगितले, "गुरुजी, नैराश्यात पुष्कळांची चव आणि गंधाची जाण मंदावते. हा आजार आहे, दुबळेपणा नव्हे. औषध लागू पडायला दोन-चार आठवडे लागतील, तोवर धीर धरा." त्यांनी गोळ्या दिल्या, दर पंधरवड्याला बोलावून बोलते केले, आणि रोज सकाळी उजेडात चालावयास सांगितले. मी भीत भीत तेलाविषयी विचारले. ते हसून म्हणाले, "लावा की, सुखाने लावा. फक्त गोळी चुकवू नका, आणि तेल पिऊ नका."

त्या वर्षीच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, नातीने तळहातावर तिळाचे तेल घेऊन माझ्या टाळूवर घातले आणि सूनबाईने उटण्याची वाटी पुढे ठेवली. वाळ्याचा वास आला. तो पुसट नव्हता, चांगला भरभरून आला. घरात वर्षापूर्वी शेवटचे उटणे माझ्या पत्नीने कालविले होते. मला तिची आठवण झाली आणि दुःख झाले, परंतु ते जिवंत माणसाचे दुःख होते.

बंधुभगिनींनो, पुतणीच्या सोयरिकीचे काय झाले तेही सांगतो. मुलाकडील मंडळी बोलणी पक्की करण्यास आली, तेव्हा मी स्वतःच त्यांना माझ्या उपचाराविषयी सांगितले. क्षणभर कोणी बोलले नाही. मग मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आमच्या थोरल्या बंधूंनाही चालू आहे." लग्न ठरले आणि यथासांग झाले. सर्वत्र असेच घडेल असे मी म्हणत नाही. लपविलेला आजार मात्र माणसाला आतून खातो, हे मी अनुभवाने सांगतो. मधुमेहाची गोळी आपण पंगतीत बसून उघड घेतो आणि मनाची गोळी न्हाणीघरात जाऊन घेतो. हा भेद गेला पाहिजे. तो घालविण्याचे काम ज्ञातीच्या मंडळानेच केले पाहिजे, कारण भीती मुख्यतः ज्ञातीचीच असते.

आता ज्यांना सुगंधी तेले वापरावयाची आहेत, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली गोष्ट ही की, हे तेल कधीही पिऊ नये आणि मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. निलगिरी व कापराचे तेल लहान मुलाच्या पोटात थोडे गेले तरी त्याला झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला ते मुळीच लावू नये. दुसरी गोष्ट, ते तसेच अंगाला लावू नये. येथे आपले घाण्याचे तेल उपयोगी पडते. ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात दहा-बारा थेंब पुरे आहेत, आणि वृद्धांना किंवा नाजूक त्वचा असलेल्यांना त्याच्या निम्मे. प्रथम मनगटाच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आली तर सोडून द्यावे. स्नानाच्या पाण्यात थेंब टाकू नयेत, कारण हे तेल पाण्यात विरघळत नाही. वर तरंगून ते थेट कातडीला चिकटते आणि दाह करते. लिंबूवर्गीय सालींची दाबून काढलेली तेले लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी काळवंडू शकते. दमेकऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून वापर करू नये.

तिसरी गोष्ट खरेदीची. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव आहे की नाही, ते पाहावे. नुसते 'सुगंध' किंवा 'सुवास' लिहिले असेल, तर ते बहुधा कृत्रिम मिश्रण असते. त्याचा वास घेण्यास हरकत नाही, पण त्याला औषधाची किंमत देऊ नये. आपल्या काही भगिनी ही तेले विकून संसाराला हातभार लावतात. त्यांच्या पोटावर पाय देण्याचा माझा हेतू नाही. माझी त्यांना एवढीच विनंती आहे की, "याने गोळ्या बंद होतात" हे एक वाक्य आपल्या तोंडून निघू देऊ नका. चालू असलेली गोळी एकाएकी सोडल्याने माणसाचे मोठे नुकसान होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, आवडत्या गोष्टींत रस वाटेनासा झाला, झोप, भूक व अंगातील शक्ती गेली, आपण निरुपयोगी आहोत असे सारखे वाटू लागले, तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. मरणाचे विचार येत असतील, तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये आणि त्या माणसाला एकटे सोडू नये. पैशाची अडचण असेल, तर शहरात घाटीच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घरून निघणे जड वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेली ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते, आणि मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, आणि आपली माहिती गुप्त राखली जाण्याचाही. माझे निर्भयपणे सांगणे हा माझा निर्णय होता. आपण सर्वांनी व्यासपीठावर यावे असे मी म्हणत नाही. डॉक्टरांच्या दारापर्यंत जावे, एवढेच म्हणतो.

तिसऱ्या पाळीहून येऊन दिवसा झोपू न शकणारे तरुण आज येथे बसलेले आहेत. कंत्राट संपल्याने घरी बसलेलेही आहेत. त्यांच्या आयांना आणि पत्नींना माझे सांगणे आहे की, त्याच्या डोक्याला तेल अवश्य घाला. तेल घालता घालता त्याच्याशी बोला, आणि त्याने न विचारता काही सांगितले तर मध्ये बोलू नका. आपल्या ज्ञातीने पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या घरी दिव्याला तेल पोहोचविले. दिवा लागला म्हणजे अंधारातली वस्तू दिसते. दिसल्यावर तिची लाज धरू नये, तिचा बंदोबस्त करावा.

अध्यक्षमहाराजांना माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या स्मरणिकेत उपवर वधूवरांची यादी दरवर्षी छापली जाते. यंदापासून त्या यादीच्या खाली, ठळक अक्षरांत, १४४१६ हा क्रमांक छापावा. जागा एका ओळीची लागेल, आणि त्या ओळीचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन.

  

जय संताजी!